पार्थिव : मातीतील प्राणाचा प्रश्न

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला मुंबईतील गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांतील चाळींत व मंडपांत ज्या व्रताचे आचरण होते, त्याला धर्मशास्त्रात पार्थिव सिद्धिविनायकाचे पूजन म्हणतात. आणि ‘पार्थिव’ या शब्दाचा सरळ अर्थ पृथ्वीचा, म्हणजे मातीचा झालेला, असा आहे. या व्रताचा विधी एका गृहीतावर उभा आहे. घडवलेली मूर्ती आरंभी केवळ मृत्तिका असते, प्राणप्रतिष्ठेच्या मंत्रांनी तिच्यात देवतेचे चैतन्य आवाहिले जाते, ठरलेले दिवस सरले की उत्तरपूजेने त्या चैतन्याला निरोप दिला जातो, मूर्ती जागेवरून किंचित हलवली जाते आणि जे उरते ते पाण्यात सोडले जाते. म्हणजे विधीच्या दृष्टीने माती आरंभी जड, शेवटी जड, आणि मधल्या दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांपुरतीच सचेतन असते. मृदाविज्ञानाने गेल्या दीडशे वर्षांत मातीचे जे रूप उलगडले, ते या गृहीताला सहजासहजी जुळणारे नाही, कारण जिला माती म्हणतात तिचे मातीपण बऱ्याच अंशी तिच्यात राहणाऱ्या जीवांनीच घडवलेले असते. पंचमहाभूतांत सर्वांत स्थूल म्हणून ज्या भूताला शेवटचे स्थान मिळाले, तेच जर असंख्य जीवांचे कुटुंब असेल, तर जड आणि चेतन यांच्यामधली रेघ नेमकी कोठे ओढायची, आणि त्या भूताशी वागण्याचा धर्म कोणता, हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा राहत नाही.

मराठी भाषेने या बाबतीत दोन्ही मते एकाच वेळी जपली आहेत. जे व्यर्थ गेले त्याची ‘माती झाली’ असे ती म्हणते, ज्याची किंमत गेली ते ‘मातीमोल’ ठरवते; आणि तीच भाषा शेतजमिनीला ‘काळी आई’ म्हणते. जुन्या गावगाड्यात गावाचे दोन भाग मानले जात: पिकाखालची जमीन ती ‘काळी’ आणि घरे जिच्यावर वसली ती ‘पांढरी’. मुंबई बेटावरही एके काळी काळी होती, याची साक्ष गिरगावातील खेतवाडी, फणसवाडी आणि केळेवाडी ही नावे आजही देतात. पुढे खाड्या बुजत गेल्या, भराव पडत गेले, आणि आज हे सारे शहर पांढरी होऊन बसले आहे. ज्या वस्तीला काळी उरलेली नाही, तिने मातीच्या देवाची पूजा मात्र सर्वांत मोठ्या प्रमाणावर मांडावी, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

या प्रश्नाची शास्त्रीय बाजू पाहायची तर न्याय-वैशेषिक दर्शनाकडे जावे लागते, कारण पदार्थांची लक्षणे, म्हणजे एखादी वस्तू इतर सर्व वस्तूंपासून वेगळी ओळखू येईल अशी खूण, काटेकोरपणे ठरवण्याचे काम त्या दर्शनाने केले. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या ग्रंथात पृथ्वीचे लक्षण गंध हे सांगितले आहे: जिला वास आहे ती पृथ्वी. या ग्रंथाची यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांच्या परिश्रमाने सिद्ध झालेली आवृत्ती १८९७ मध्ये मुंबईतच, बॉम्बे संस्कृत सीरिजमध्ये, प्रसिद्ध झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिली. त्या परंपरेने आक्षेपही आधीच विचारात घेतले होते. दगडाला वास येत नाही, मग तो पृथ्वी कसा, असे कोणी विचारले तर उत्तर असे की त्याचा गंध प्रकट नाही, पण त्याच्या भस्मात तो जाणवतो. पाण्याला कधी कधी वास येतो, मग गंध हा पाण्याचाही गुण का मानू नये, असे विचारले तर उत्तर असे की तो वास पाण्यात मिसळलेल्या पार्थिव अंशाचा आहे. तो अंश असेल तेव्हा वास असतो, नसेल तेव्हा नसतो. या युक्तीला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, म्हणजे एकाच्या असण्याबरोबर दुसऱ्याचे असणे आणि नसण्याबरोबर नसणे.

आता हीच युक्ती मातीला लावून पाहिली तर काय दिसते? मृगाच्या पहिल्या सरीनंतर जो मृद्गंध दरवळतो, त्याचा एक प्रमुख घटक म्हणजे जिओस्मिन हे संयुग. त्याचे नाव ग्रीक भाषेतील माती आणि वास या अर्थांच्या शब्दांवरून १९६५ मध्ये ठेवले गेले. ते मातीच्या खनिज कणांत नसते. अ‍ॅक्टिनोमायसीट नावाचे, बुरशीसारखे तंतू धरून वाढणारे जिवाणू, त्यांतही विशेषतः स्ट्रेप्टोमायसिस या कुळातील, ते तयार करतात. आणि लाख कोटी भागांत त्याचे मोजके काही भाग असले तरी माणसाचे नाक ते ओळखते. मातीत राहणारे अगदी लहान, उड्या मारणारे कीटकसदृश जीव या वासाकडे ओढले जातात, त्या जिवाणूंना खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर व पोटात घेऊन दूर पसरवतात, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. माती तापवून पूर्ण निर्जंतुक केली की हे संयुग नव्याने तयार होणे थांबते. म्हणजे जीव असतील तेथे मृद्गंध, नसतील तेथे नाही. ज्या अन्वय-व्यतिरेकाने पाण्याचा वास पाण्याकडून काढून पृथ्वीला दिला, त्याच न्यायाने मातीचा हा वास खनिजांकडून काढून जीवांना द्यावा लागतो.

एखादा नैयायिक यावर शांतपणे म्हणेल की त्या जिवाणूंची शरीरेही पार्थिवच आहेत, तेव्हा गंध शेवटी पृथ्वीतच राहिला आणि लक्षणाला बाध आला नाही. हे उत्तर बरोबर आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण त्याच ग्रंथात पृथ्वीचे शरीर, इंद्रिय आणि विषय असे तीन विभाग आहेत: प्राण्यांची शरीरे हा पहिला, गंध घेणारे घ्राणेंद्रिय हा दुसरा, आणि माती-दगड इत्यादी भोग्य वस्तू हा तिसरा. बाध येतो तो या वाटणीला. माती ज्या रकान्यात ठेवली होती तो ‘विषय’ हा विभाग तिला पुरत नाही. तिचा काही भाग ‘शरीर’ या विभागात, तोही अगणित वेगवेगळ्या शरीरांच्या रूपाने, जाऊन बसतो. मृत्तिकेत प्राणाची प्रतिष्ठा करायला बसलेल्या यजमानापुढे अंगणातली माती असेल, तर मंत्र म्हणण्यापूर्वीच तेथे कितीतरी प्राण वस्तीला आलेले असतात.

या प्राणांचे कार्य काय, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. चमचाभर सुपीक मातीत कोट्यवधींपासून अब्जापर्यंत जिवाणू असू शकतात, आणि त्यांच्याबरोबर बुरशीचे कित्येक मीटर लांबीचे तंतू, एकपेशी आदिजीव, केसाहून बारीक सूत्रकृमी, आणि डोळ्यांना दिसणारे वाळवी, वाणी व गांडूळ. गळलेले पान जिवाणू आणि बुरशी कुजवतात, पण कुजवताना त्यातील नत्र ते आपल्याच शरीरात अडकवून ठेवतात; आदिजीव आणि सूत्रकृमी जेव्हा त्या जिवाणूंना खातात, तेव्हा त्यांच्या गरजेपेक्षा जास्त असलेले नत्र बाहेर टाकले जाते आणि तेच मुळांना मिळते. एकाने दुसऱ्याला खाल्ल्यावाचून तिसऱ्याचे पोषण होत नाही, अशी ही व्यवस्था आहे. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करून राहणारा रायझोबियम हवेतील नत्र पिकाला उपयोगी पडेल अशा रूपात आणतो आणि बदल्यात पिकाकडून साखर घेतो. बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांशी कवकांची, म्हणजे बुरशीची, सोयरीक असते. मूळ जेथे पोहोचत नाही तेथून ती स्फुरद आणि पाणी आणून देते. गांडुळांविषयी चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात इंग्लंडच्या अनेक भागांत एकरी दहा टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या शरीरातून जाते असा त्याचा हिशेब आहे. जमीन भुसभुशीत राहणे, पाऊस आत मुरणे, मातीचे कण एकमेकांना धरून राहणे, ही सारी या जीवांच्या चिकट स्रावांची, तंतूंची आणि बिळांची करणी आहे. वारंवार खोल नांगरट केली की बुरशीचे जाळे तुटते, आणि पिकाचे धसकट जाळले की या साऱ्या कुटुंबाचा घास जातो. मग पिकाला वरून खत घालता येते, पण जमिनीची घडण वरून घालता येत नाही.

आधुनिक मुंबईची सूक्ष्मजीवांशी ओळख मात्र भीतीतून झाली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग प्रकट झाला, १८९७ च्या जानेवारीत, म्हणजे ‘तर्कसंग्रहा’ची ती आवृत्ती निघाली त्याच वर्षी, वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली, १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले. त्या काळात ‘जंतू’ म्हणजे शत्रू आणि ‘माती’ म्हणजे घाण हे समीकरण शहराच्या मनात घट्ट झाले, आणि ज्या चाळींनी माणसे मरताना पाहिली त्यांना त्याचा दोष देता येत नाही. तरीही त्याच समीकरणाला छेद देणारी गोष्ट गिरणगावाच्या उशाशीच आहे. शिवडीत क्षयरोगाचे मोठे रुग्णालय आहे, आणि कापसाच्या धुळीत व दाटीच्या खोल्यांत राहिलेल्या या वस्तीला क्षय परका नव्हता. क्षयावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक स्ट्रेप्टोमायसिन हे १९४३ मध्ये अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ यांनी शोधले, ते मातीतल्याच एका जिवाणूपासून, आणि तो जिवाणू त्याच स्ट्रेप्टोमायसिस कुळातला, ज्याच्यामुळे पहिल्या पावसाला वास येतो. भारतातही अनेक दशके क्षयाच्या उपचारात हे औषध वापरले गेले.

मातीत जीव आहे असे मानले की लगेच दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहतो: मग शेती ही हिंसा आहे काय? हा प्रश्न नवा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शेतीची निंदा करताना लोखंडी फाळाने भूमीला आणि भूमीतील प्राण्यांना इजा होते हेच कारण दिले आहे. सर्वांत खोल विचार जैन दर्शनाने केला. त्या दर्शनात पृथ्वीकाय नावाचे एकेंद्रिय, म्हणजे केवळ स्पर्शाचे इंद्रिय असलेले, जीव मानले आहेत. कंदमुळांना अनंतकाय म्हणजे एका देहात अनंत जीव असलेली ठरवून ती वर्ज्य केली आहेत. आणि गृहस्थासाठी जे पंधरा व्यवसाय दोषयुक्त सांगितले आहेत, त्यांत जमीन फोडण्याचा म्हणजे स्फोटकर्माचा समावेश आहे. गिरगाव आणि वाळकेश्वर येथील उपाश्रयांत साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी राहतात त्यामागेही, पावसाळ्यात भूमी जीवांनी भरून जाते आणि चालणाऱ्याच्या पायाखाली ते मरतात, हेच कारण आहे. येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. पृथ्वीकाय जीव म्हणजे मातीत राहणारे जिवाणू नव्हेत; माती हेच ज्यांचे शरीर आहे असे ते जीव आहेत, आणि सूक्ष्मदर्शकाचा शोध प्राचीन आचार्यांच्या नावावर घालणे हा दोघांवरही अन्याय आहे. पण माती ही प्रथम कोणाची तरी आहे आणि नंतर माणसाच्या उपयोगाची आहे, हा जो क्रम त्या आचार्यांनी लावला, तो त्यांच्याआधी आणि नंतरही फार थोड्यांनी लावला.

त्याच परंपरेत आदिनाथ ऋषभदेवांनी माणसांना जी सहा कर्मे शिकवली त्यांत कृषीही येते. हा विरोध लपवण्यासारखा नाही, तर त्यातच उत्तराची दिशा आहे. मातीतल्या प्रत्येक जीवाला अभय देता येत नाही, कारण ते जीव एकमेकांनाही अभय देत नाहीत, आणि एकाच्या मरणावर दुसऱ्याचे जगणे उभे आहे. जपता येते ते एकेका जीवाचे आयुष्य नव्हे, त्या समुदायाचे चालत राहणे. अहिंसेचा विचार बहुधा एक देह आणि एक इजा अशा जोड्यांनी केला जातो. माती त्या विचाराला समुदायाची मोजपट्टी वापरायला लावते.

गिरणगावात चाळीचाळींतून भजनी मंडळे उभी राहिली आणि त्यांनी संतांच्या कथा तेथे नेल्या. त्यांतली तेरच्या गोरोबा कुंभारांची कथा या विषयाला अगदी लागून आहे: नामस्मरणात देहभान हरपून चिखल तुडवत असताना रांगत आलेले तान्हे मूल पायाखाली आले आणि गोरोबांना ते कळले नाही. कीर्तनकार ही कथा भक्तीच्या तल्लीनतेची आणि पुढे विठ्ठलाच्या कृपेची म्हणून सांगतात, आणि तो अर्थ योग्यच आहे. परंतु तुडवल्या जाणाऱ्या चिखलात काही जिवंत असू शकते, हे न दिसणे किती भयंकर आहे, ही वेदनाही त्या कथेत आहे, आणि ती कथा ऐकणाऱ्या आईच्या अंगावर काटा येतो तो त्या वेदनेमुळेच.

लोकधर्माने या बाबतीत दर्शनांपेक्षा सरळ वाट धरली. गिरण्यांत आलेले कामगार मोठ्या संख्येने त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून आले, आणि त्यांतल्या दक्षिणेकडील, आज सिंधुदुर्गात मोडणाऱ्या, अनेक गावांची ग्रामदेवता सातेरी ही आहे; गोव्यात तिलाच सांतेरी म्हणतात. या देवीचे मूळ रूप म्हणजे वारूळ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात वारूळ हे भूमातेच्या सर्जनशक्तीचे प्रतीक कसे आहे, याचा विस्ताराने शोध घेतला आहे. वारूळ लोक मुंग्यांचे म्हणतात, ते बांधते मात्र वाळवी. खालच्या थरांतली माती ती कणाकणाने वर आणते, लाळेने सांधते, जमिनीत हवेच्या आणि पाण्याच्या वाटा पाडते, आणि कित्येक जातींची वाळवी आतल्या कप्प्यांत बुरशीची शेती करते. पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणारी जी अळंबी कोकणात आणि गोव्यात आवडीने खाल्ली जाते, ती याच शेतीचे फळ आहे. ज्यांनी वारुळाला देवी म्हटले त्यांना हे सारे ठाऊक होते असे म्हणण्याचे कारण नाही. जमीन जेथे आपण होऊन वर उचलली जाते तेथे कोणीतरी आहे, एवढे त्यांनी ओळखले, आणि ते ओळखणे चुकीचे नव्हते. नागपंचमीला नांगर धरू नये, जमीन खणू नये, हा नियमही त्याच जाणिवेतला आहे. देशावरच्या घरांत घटस्थापनेला घटाखाली शेतातली माती, जिला वावरी म्हणतात, पसरून तिच्यात धान्य पेरतात. दादरच्या बाजारात नवरात्राच्या आधी ही वावरी पिशव्यांतून विकायला येते, आणि काळी नसलेल्या शहरात काळीचा अंश असा विकत घेऊन देवघरात नेला जातो.

गिरण्यांचे आणि मातीचे एक नाते याहूनही कमी आठवले जाते. परळ-लालबागच्या चात्यांवर जो कापूस सूत झाला, त्याचा मोठा हिस्सा वऱ्हाड, खानदेश आणि माळव्याच्या काळ्या मातीतून आला. १९२१ मध्ये स्थापन झालेली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी मुंबईतून काम करीत असे, कापसावरील उपकरातून तिला पैसा मिळे, आणि १९२४ मध्ये तिने माटुंग्याला कापसाच्या तंतूंची प्रयोगशाळा काढली. त्याच कमिटीच्या पैशावर होळकरांच्या इंदुरात वनस्पतिउद्योगाची जी संस्था उभी राहिली, तिचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड होते. चांगला कापूस पिकवायचा तर आधी त्याच्या मातीला खाऊ घातले पाहिजे, हे तेथे त्यांच्या ध्यानात आले. पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण आणि गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती थरांनी रचून, वेळोवेळी उलटून, बुरशी आणि जिवाणूंकडून खत करवून घेण्याची इंदूर पद्धत त्यांनी बसवली, आणि १९३१ मध्ये तिच्यावरचा ग्रंथ रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांच्यासह प्रसिद्ध केला. जमिनीतून जे घेतले ते जमिनीला परत गेले पाहिजे, या तत्त्वाला हॉवर्ड परतीचा नियम म्हणत. गाठोड्यांनी शहराकडे आलेला कापूस मात्र परत गेला नाही. शहराने काळीचे ऋण घेतले, आणि ऋण या शब्दाचा धर्मशास्त्रात जो अर्थ आहे, जन्माबरोबर आलेले आणि कर्माने फेडायचे देणे, त्या अर्थाने हे ऋण आजही चालू आहे.

या प्रकाशात विसर्जनाकडे पुन्हा पाहावे लागते. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये सुधारित सूचनांत मातीच्या मूर्तींचा आग्रह धरला, आणि परतीच्या दृष्टीने तो योग्यच आहे. परंतु शाडू म्हणजे जिवंत माती, असा समज होऊ नये. शाडू ही गुजरातेतून येणारी, अतिशय बारीक कणांची आणि सेंद्रिय अंश जवळजवळ नसलेली चिकणमाती आहे. पिकाची माती आणि मूर्तीची माती यांच्यात बरेच अंतर आहे, आणि कोठल्या तरी भूमीतून ती खणून आणली जाते हेही खरे आहे. पार्थिव पूजेचा विधी ज्या काळी घडला त्या काळी माती घराजवळच्या तळ्याकाठची असे आणि त्याच तळ्यात परत जाई. आता ती एका राज्यातून येते आणि दुसऱ्या राज्याच्या समुद्रात किंवा कृत्रिम तलावात जाते. विधीचे शब्द तेच राहिले, वर्तुळ मात्र उघडे पडले. ते वर्तुळ अंशतः का होईना जेथे पुन्हा जुळते ती जागा फारशी कोणाच्या नजरेत भरत नाही: चौपाटीवर ठेवलेले निर्माल्य कलश. देवाला वाहिलेली दूर्वा, शमी, झेंडू आणि केळीची पाने त्यांत गोळा होतात, महापालिका त्यांचे खत करवते, आणि जिवाणू, बुरशी व गांडुळे हा प्रसाद ग्रहण करून त्याची माती करतात. येथे ‘माती करतात’ हा शब्दप्रयोग नाश या अर्थाने वापरताच येत नाही.

गिरगाव चौपाटीवर मूर्ती पाण्यात गेल्यावर कोकणातली आणि इतरही अनेक घरे रिकामा पाट घेऊन परतत नाहीत. काठावरची मूठभर वाळू किंवा माती त्या पाटावर ठेवून ती घरी आणतात, मूर्ती होती त्या जागी पाट मांडतात आणि आरती करतात. शास्त्राच्या दृष्टीने त्या वेळी प्राण निघून गेलेला आहे, उत्तरपूजा झालेली आहे, आणि पाटावर जे आहे त्याची कोणत्याही मंत्राने प्रतिष्ठा केलेली नाही. ते ओलसर असते, त्याला समुद्राचा आणि किंचित मातीचा वास येत असतो, आणि घरातली म्हातारी माणसे त्याला हात जोडतात.